भावाचे कॅमेरे आणि माझं पोतं

माझ्या धाकट्या भावाचा आवाज पहिल्यांदा खांबावरून आला तेव्हा मी अंगणात आरसा लावून दाढी करत होतो.

"एसटी थांब्यावरचं निळ्या शर्टाचं पाव्हणं, तितं थुकू नका. मागं नळ हाय, तिकडं जावा."

आवाज एवढा मोठा की शेजारच्या म्हशीनंही मान वर केली. चौकात हशा पिकला आणि कुणीतरी ओरडलं, "सुभेदार, एक नंबर!" माझ्या हनुवटीवर ब्लेड लागलं. बायको पाणी घेऊन बाहेर आली. "आवं, ऐकलं का? भावजी बोलत्यात. काय भारदस्त आवाज हाय!" मी हनुवटीला तुरटी लावत बसलो.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. घरटी एक तरी माणूस फौजेत. आमच्या घरातून धाकटा गेला, मी गावाकडं राहिलो आणि प्राथमिक शिक्षक झालो. सुरुवातीची सहा वर्षं जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या शाळेवर होतो. तिथंच लग्न जमलं. पुढं बदली मागून आमच्या तालुक्यात आलो आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं तर गावातल्याच शाळेत काढली. दर शनिवारी पोरांना घेऊन मी एसटी थांबा झाडायचो, ओढ्याच्या पुलावरचा कचरा काढायचो. भिंतींवर माझ्या हातानं स्वच्छतेच्या ओळी लिहायचो. सोमवारी त्याच ओळींवर पानाच्या पिचकाऱ्या असायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं, पण गाव असंच असतं म्हणून मी मनाची समजूत घातली होती.

भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झाला, गावी आला आणि वर्षाच्या आत त्यानं ग्रामपंचायतीला कॅमेरे लावायला लावले. चावडी, थांबा, शाळेचा कोपरा, पाण्याची टाकी, ओढ्याचा पूल. प्रत्येक खांबावर एक भोंगा. पंचायतीच्या मागच्या खोलीत टीव्हीएवढा पडदा आणि माईक. थुंकलं तर दोनशे, उघड्यावर कचरा टाकला तर पाचशे, आणि वर आठ दिवस चावडीच्या फलकावर फोटो. पैशाचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. फोटोची मात्र सगळ्यांनी धास्ती घेतली. दोन महिन्यांत थांब्याच्या भिंती कोरड्या झाल्या. ओढ्याच्या वाटेवरच्या दारूच्या बाटल्या गेल्या. बायाबापड्या सांजच्या त्या वाटेनं निर्धास्त जायला लागल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तीस वर्षं घसा कोरडा करून जे सांगत होतो तेच घडत होतं. पण ते माझ्यामुळं घडत नव्हतं. माझ्याच हाताखाली शिकलेली माणसं रस्त्यात त्याला थांबवून हात जोडायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "गुरुजी, सुभेदारांनी गावाला शिस्त लावली बगा." शाळेतली पोरं त्याला सॅल्यूट ठोकायची. मला ती नमस्कार करायची, पण नमस्कारानं पोरांचे डोळे तसे चमकत नाहीत. घरात बायकोसुद्धा भाजी निवडता निवडता भावजींचं कौतुक करायची. तिच्या तोंडचं ते कौतुक मला सगळ्यात जास्त लागायचं.

तो मात्र माझ्याशी होता तसाच होता. नियमांचा फलक लिहायचा होता तर माझ्याकडंच आला. "आण्णा, तुमच्यासारखं अक्षर गावात कुणाचं न्हाई. तुमीच लिवा." मी लिहिला. शेवटचा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं फौजेच्या कँटीनमधून शेवाळी रंगाचे दोन टीशर्ट आणले होते. एक मला दिला, रानात घालायला. दुसरा दिला वस्तीवरच्या मेंढरंवाल्याला. हा माणूस मूळचा जतकडचा. पूर्वी उसाची रानं मोकळी झाली की खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. पुढं गावाच्या कडेला अर्धा एकर घेऊन राहिला, मेंढरं कमी केली, भाजीपाला करायला लागला. त्यानं तो टीशर्ट इतका घातला की त्याची ओळखच ती झाली. मी माझा कधी घातला नाही. भावानं दिलेलं अंगावर मिरवायचं मला नको होतं. गोठ्यातल्या खुंटीला तो नुसता लटकून होता.

एकदा भाऊ मला पंचायतीच्या खोलीत घेऊन गेला. चहा मागवला. पडद्यावर गाव चौकोनाचौकोनात मांडलेलं होतं. "ह्यो पूल बगा," तो म्हणाला. "वरचा रस्ता सगळा दिसतोय, पण खालच्या पायऱ्या दिसत न्हाईत. तेवढी एक जागा राहिलीय." तो भावाला भाऊ सांगतो तसं सांगत होता. मी चहा पीत ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. का ठेवलं, हे तेव्हा मलाही कळलं नाही.

महाराष्ट्र दिनाला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाल्यावर त्याचा सत्कार होता. तालुक्याहून मोठे साहेब आले होते. शाल, श्रीफळ, फेटा. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. साहेब बोलायला उठले आणि म्हणाले, "इतकी वर्षं या गावाला शिस्त लावणारा माणूसच मिळाला नव्हता." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. ज्या पटांगणात मी अकरा वर्षं पोरांकडून कागदाचा कपटा अन् कपटा वेचून घेतला, त्याच पटांगणात बसून वाजवल्या. भावानं स्टेजवरून माझ्याकडं बघितलं आणि हात केला. त्या हातानं तर मला आणखीच जाळलं.

चार दिवसांनी, भर दुपारी, सगळं गाव उन्हानं गप पडलेलं असताना, मी गोठ्यात गेलो. ठिबकच्या फाटक्या नळ्या, खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या, घरातला साठलेला कचरा, सगळं एका पोत्यात कोंबलं. खुंटीवरचा शेवाळी टीशर्ट घातला. डोक्यातोंडाला टॉवेल गुंडाळला, उन्हात सगळेच गुंडाळतात तसा. तोच टीशर्ट का घातला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. हाताला लागला म्हणून घातला, असं मी म्हणत आलो. मेंढरंवाल्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, असंही म्हणत आलो. पण छातीवर हात ठेवून ते मला सांगता येत नाही.

ओढ्याकाठच्या पाऊलवाटेनं गेलो, म्हणजे वरचा रस्ता लागायला नको. पुलाच्या खालच्या पायऱ्यांवर पोतं उपडं केलं आणि रिकामं पोतं तिथंच टाकून परत आलो. मला एवढंच हवं होतं की सकाळी लोकांनी ते बघावं आणि म्हणावं, कॅमेरे लावून काय उपेग झाला? एक दिवस तरी म्हणावं. घरी येऊन टीशर्ट खुंटीला अडकवला, हातपाय धुतले आणि शांत झोपलो. कितीतरी महिन्यांनी तशी झोप लागली होती.

पण भावानं त्या आठवड्यातच पुलावरचा कॅमेरा पायऱ्यांकडं वळवून घेतला होता. मला ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेन्शनच्या कागदांसाठी सांगलीला, विश्रामबागेत गेलेला. तो असता तर काय झालं असतं कोण जाणे. पंचायतीच्या कारकुनानं चित्रण बघितलं आणि सरळ गावाच्या ग्रुपवर टाकलं. माझ्याही मोबाईलवर ते आलं. मी स्वतःला पाठमोरं बघितलं. वाकलेला, पोतं झटकणारा, टॉवेलात तोंड लपवलेला म्हातारा. खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. तिसऱ्याच माणसानं लिहिलं, "टीशर्ट बघा. हा तर वस्तीवरचा मेंढरंवाला." मग सगळे तेच लिहायला लागले. बाहेरची माणसं अशीच, असंही कुणी लिहिलं.

सोमवारी चावडीत सभा भरली. भाऊ परत आला होता. मेंढरंवाल्याला बोलावलं होतं. तो तोच टीशर्ट घालून आला. लपवण्यासारखं काही असतं तर घालून आला असता का, हा विचार तिथं कुणाच्याही डोक्यात आला नाही.

"आवं, टीशर्ट माझ्यासारखा हाय, व्हय," तो म्हणाला. "पण मी कचरा टाकला न्हाई. आमच्या घरात प्लास्टिक हाय कुठं एवढं? शेळ्यामेंढरं खात्यात म्हणून आमी पिशवी घरात येऊ देत न्हाई."

भाऊ उठला. "तोंड दिसत न्हाई. ओळख पटत न्हाई. सोडून द्या," तो म्हणाला. नेहमीचा आवाज नव्हता तो.

"असं कसं सोडायचं?" लोक म्हणाले. "टीशर्ट तुमीच दिलाय त्याला. गरीब म्हणून माफ केलं तर उद्या सगळेच टाकतील."

भावानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. तो खाली बसला.

मेंढरंवाल्यानं जास्त वाद घातला नाही. खिशातून नोटा काढल्या. "पैसं घ्या. पण फोटू तेवढा लावू नका. आमच्याकडची माणसं मेंढरं घिऊन ह्याच वाटंनं जात्यात. त्यांनी बघितला म्हंजे तोंड दाखवायला जागा न्हाई." नियम सगळ्यांना सारखा, असं ठरलं. तो पाठमोरा फोटो लागला, खाली त्याचं नाव. मी लिहिलेल्या फलकाच्या शेजारी.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको ताट उचलताना म्हणाली, "आवं, गोठ्यातल्या ठिबकच्या नळ्या कुठं गेल्या?"

"असतील तिथंच."

"न्हाईत. आन् तुमचा तो टीशर्ट घामानं आंबलाय. वरीसभर खुंटीवरून काढला न्हाई तुमी." ती माझ्यासमोर बसली. तिनं मोबाईलवरचं ते चित्र काढलं आणि पोत्यावर बोट ठेवलं. "हे पोतं माझ्या माहेरच्या तांदळाचं हाय. हिरव्या दोऱ्यानं आमचा दादा शिवतो. आता बोला."

मी रडलो नाही, चिडलो. म्हणालो, "तुला तरी काय, त्याचंच कौतुक हाय दिवसरात." तिनं मोबाईल खाली ठेवला. "म्हणून टाकलं व्हय?" एवढंच म्हणाली. आणि मग, "तुमी जाऊन सांगताय का मी सांगू?"

सकाळी मी भावाच्या घरी गेलो. तो घरामागच्या परड्यात गवारीला पाणी देत होता. मला बघून त्यानं नळी खाली टाकली.

"ते पोतं मी टाकलं," मी म्हणालो.

"मला ठाव हाय, आण्णा."

"कवापासनं?"

"बघितलं तवाच. पायरी उतरताना तुमी गुडघ्यावर हात टेकता. आपले आबा टेकायचे तसाच."

"मग सभेत का गप बसलास?"

"तुमी का बसला?"

नळीचं पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं. मग तोच खाली बघत म्हणाला, "अठ्ठावीस वरसं नोकरीत खोटं बोललो न्हाई. काल बोललो. ओळख पटत न्हाई म्हणालो. तुमचं नाव चारचौघांत निघालं असतं, ते मला बघवलं नसतं. त्यापायी त्या माणसाचा फोटू लागला."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. सुभेदारसुद्धा चुकला. त्याच्याही फेट्याला डाग लागला. एवढं सगळं होऊनही माझं मन हेच मोजत बसलं होतं.

"चला, दोघं मिळून सांगू," तो म्हणाला.

मी नको म्हणालो. त्याला वाटलं मी त्याला वाचवतोय. तसं नव्हतं. तो बरोबर आला असता तर लोकांनी सुभेदाराच्या खरेपणाचंच कौतुक केलं असतं. चूक माझी होती, निदान ती तरी मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती.

गावातले सगळे एका जागी सापडायचे तर सकाळी डेअरीवर. दुधाची किटली घेऊन रांग लागलेली असते. मी चावडीच्या फलकावरून तो फोटो उतरवून घेतला आणि तिथं गेलो. बायको आमची किटली घेऊन रांगेत होतीच. मी फोटो वर धरला आणि म्हणालो, "हा मेंढरंवाला न्हाई. हा मी हाय. पोतं मी टाकलं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक जण, माझाच विद्यार्थी, पुढं आला आणि माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, लय मोठं मन हाय तुमचं. गरिबाची अब्रू वाचवायला अंगावर घेताय." दुसरे मान डोलवायला लागले. "खरा गुरुजी," कुणी म्हणालं. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली.

वर्षभर जे माझ्या वाट्याला आलं नव्हतं ते असं अचानक समोर आलं. काही न बोलता उभा राहिलो असतो तर मेंढरंवाला सुटला असता, मीही सुटलो असतो, वर गावात माझं नाव झालं असतं. भावाच्या नावापेक्षा मोठं झालं असतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पण मी गप्प उभा होतो एवढं खरं.

रांगेतून बायकोचा आवाज आला. "मोठं मन बिन काय न्हाई. त्यांनीच टाकलंय. पोतं माझ्या माहेरचं हाय, घरी तसली आणखी चार हायत, येऊन बगा." ती थांबली नाही. "आन् ते मघाशी बोलत हुते ते खरं हाय. इचारा त्यांना."

विद्यार्थ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं माझ्या पायाला लावलेला हात हळूच पँटला पुसला. ते त्याच्या नकळत झालं असेल, पण मी बघितलं.

दंड भरला. माझा फोटो लागला, सरपंचांनी आठ दिवस सांगितले होते, मी पंधरा दिवस ठेवायला लावला. येता-जाता लोक थांबायचे. शाळेतली पोरं फलकापुढं एकमेकांना ढोसून पळायची. भावानं सभेत उभं राहून सांगितलं की मीही ओळख लपवली, आणि कॅमेऱ्यांचं काम सोडायची तयारी दाखवली. लोकांनी त्याला सोडू दिलं नाही. वर टाळ्या वाजवल्या. मी त्या ऐकल्या.

मेंढरंवाल्याचे पैसे पंचायतीनं परत केले. मी त्याच्या वस्तीवर गेलो तेव्हा तो मेथीच्या जुड्या बांधत होता. त्याची बायको दारात उभी होती, तिनं पाणी विचारलं नाही. मी जे सांगायचं ते सांगितलं. तो जुडी बांधायचा थांबला नाही.

"तुमी सांगितलं, बरं झालं, गुरुजी. पण सभेत माझ्यासमोर बसला हुता. तवा का गप बसला?"

"भावाचा हेवा वाटत होता मला. गावात त्याचं नाव झालेलं सोसवत नव्हतं."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याला वाटलं असावं मी काहीतरी मोठं कारण सांगेन. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. मग जुडी बाजूला ठेवत म्हणाला, "आमच्यात भावाभावांचं न पटलं तर मेंढरं वाटून घेत्यात आन् निराळ्या वाटंनं जात्यात. तुमाला एकाच गल्लीत ऱ्हायाचं." त्यात राग होता की कीव, मला ओळखता आलं नाही. निघताना त्यानं एक जुडी माझ्या हातात दिली आणि मी पैसे काढले तेव्हा ते घेतले. पूर्वी तो घेत नसे.

तो टीशर्ट त्यानं परत घातलेला मी बघितला नाही. पूर्वी सणावाराला आमच्या घरी यायचा, आता येत नाही. रस्त्यात भेटला तर "रामराम गुरुजी" म्हणतो आणि पुढं जातो.

माझं आणि भावाचं बोलणं बंद झालं नाही. रोज सकाळी तो परड्यातली गवार आणून देतो, बायको त्याला चहा देते. कौतुक ती आता माझ्यासमोर करत नाही, आणि ती करत नाही हेही मला खुपतं. आजूबाजूच्या गावांतून कॅमेरे कसे बसवायचे हे विचारायला लोक त्याच्याकडं येतात. मागच्या महिन्यात तर मेढ्याहून, माझ्या सासुरवाडीहून, मेहुण्याचा फोन आला. त्यांच्या बाजारपेठेत कचऱ्याचा ताप झालाय, सुभेदारांना पाठवा म्हणाला. त्या डोंगरात मी सहा वर्षं शिकवलं. मला या म्हणाला नाही.

भाऊ म्हणाला, "आण्णा, संगं चला. वहिनीच्या माहेरची माणसं भेटतील." मी गुडघा दुखतोय म्हणालो. तो सकाळच्या गाडीनं गेला. दिवसभर मी घरात याला त्याला बोलत होतो. दुपारी रेडिओ फिरवत बसलो, कुठंच मन लागेना. बायकोनं एकदा विचारलं, "जायचं हुतं ना?" मी म्हणालो, "न्हाई."

संध्याकाळी मेहुण्याचा परत फोन आला. सुभेदारांनी सगळी बाजारपेठ पायी फिरून बघितली, कुठं काय लावायचं ते कागदावर काढून दिलं, लोक लय खूश आहेत, असं सांगत होता. मग म्हणाला, "दाजी, तुमचा भाऊ लय हुशार माणूस हाय."

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तांब्यातलं पाणी घेतलं, प्यालो.

"व्हय," मी म्हणालो. "पहिल्यापासनंच हुशार हाय तो."